बटणाचा रंग आणि अकरा टँकर

वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय काही बनवू नये, आणि तो खूश होईपर्यंत विचारणे थांबवू नये, या पायावर संकेतस्थळांचे शास्त्र उभे आहे.

शिवम हे शास्त्र शिकून संभाजीनगरला परतला त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती आणि शहराने पडेगावच्या पुढे पाय पसरले होते. पाण्याच्या टँकरची मागणी नोंदवण्याचे संकेतस्थळ बनवायचे काम त्याच्या कंपनीकडे आले. लोकांनी पसंत केल्यावरच ते सुरू करायचे, अशी अट होती. (अट नजरचुकीने पडली असावी.) शिवमची नोकरी त्यानंतरच कायम होणार होती.

चाचणीसाठी पडेगावबाहेरची धनगरवस्ती निवडली. पहिल्या दिवशी कोणी फिरकले नाही. म्हणून साहेबांनी, म्हणजे अप्पारावांनी, पुढच्या मंगळवारी माणसे जमवायला एक टँकर पाठवला. उपस्थिती शंभर टक्के झाली. मेंढ्या धरून चारशे.

"बटण लई बारीक हाय, लेकरा," सुगंधाबाई म्हणाल्या. त्यांच्याकडे चाळीस मेंढ्या आणि दोन निळे ड्रम होते.

पुढच्या मंगळवारी बटण मोठे झाले. ते दाखवायला शिवम आला, म्हणून टँकरही आला. वस्तीला शास्त्र तिथेच उमगले: दोष निघाला की दुरुस्ती, दुरुस्ती झाली की चाचणी, चाचणी आली की टँकर.

मग दर सोमवारी लिंबाखाली बैठक बसू लागली. विहिरीवर पाळ्या लावतात तशा दोष काढायच्या पाळ्या लागल्या. कडूबाईंना अक्षर तिरपे दिसले. बिरूला निळा रंग उष्ण पडला. हिरवा केला, तर मेंढ्या मोबाइल चाटू लागल्या. (ही तक्रार तपासली असता खरी निघाली.) 'इतका चिकित्सक वापरकर्ता आढळला नाही,' असे अप्पारावांनी अहवालात लिहिले.

दहाव्या खेपेला बन्सीची पाळी होती. त्याने मोबाइल उलटसुलट करून पाहिला आणि शिवमला बाजूला घेतले.

"सायब, आज चूक घावंना. तुमीच सांगा की एखादी."

शिवमने ओळीने मांडलेल्या ड्रमांकडे पाहिले. स्वतःच्या नोकरीकडेही पाहिले.

"मागं जायचं बटण पुढं नेतंय," तो हळूच म्हणाला.

"व्हय! मी तेच म्हणणार व्हते," सुगंधाबाई ओरडल्या.

अकरावा टँकर त्यावर आला. तेव्हाही दोष निघाला, आणि अप्पारावांचा धीर सुटला. त्यांनी संकेतस्थळ शहरातल्या सुजाण नागरिकांना मोबाइलवर पाठवले: 'बटण दाबून पाहा, मत कळवा.' एका दुपारी सहाशे बारा जणांनी दाबून पाहिले. सरासरी पाचपैकी चार पूर्णांक नऊ तारे मिळाले. (सहाशे आठ जणांच्या सोसायटीत बोअर होता, उरलेल्या चौघांकडे दोन.)

संकेतस्थळ सुरू झाले, शिवमची नोकरी कायम झाली, चाचणीचा टँकर बंद झाला. त्या सकाळी सुगंधाबाईंनी ड्रम रस्त्यावर आणून मांडले आणि पहिल्याच मिनिटाला मागणी नोंदवली. बटणाबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती. उत्तर तत्काळ आले: 'धन्यवाद. आपला क्रमांक ६१३.'

शिवमने साहेबांना फोन केला. दाबून पाहिलेली बटणे मागणी म्हणून नोंदली गेली होती, आणि नोंदलेली मागणी रद्द करायचे बटण कोणीच मागितले नव्हते.

दिवसाला दोन टँकर निघतात. त्या सहाशे बारांत तुम्हीही होता; त्या दुपारी बटण दाबलेले तुम्हाला आठवत नसेल, पण तुमच्या टँकरचा नंबर मंगळवारी आहे. तोवर गाडी धुऊ नका.