वडाच्या सावलीचा पासपोर्ट

कऱ्हाडच्या वडाच्या सावलीला सार्वभौम दर्जा मिळून एकोणीस वर्षे झाली होती, मात्र तिला स्वतःची जमीन नव्हती. जमीन नगरपालिकेची. त्यामुळे पासपोर्ट कार्यालयाचे टेबल दर अर्ध्या तासाने उचलून सावली जाईल तिकडे न्यावे लागे आणि अर्जदारांची रांगही मुकाट्याने मागोमाग सरके.

त्या रांगेत तर्कशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक त्र्यंबकराव केळुसकर उभे होते. त्यांची थोरली बहीण, अक्का, पलूसच्या पिंपळाच्या सावलीची नागरिक होती. पासपोर्टाशिवाय तिथे आत घेत नसत. गेल्या वर्षी ते तासभर उन्हात उभे राहून तिच्याशी बोलले होते आणि घेरी येऊन पडले होते. आता आठवड्याभरात पिंपळाची पानगळ लागणार, सरहद्द बंद होणार, ती उघडणार थेट चैत्रात. अक्का शहाऐंशीची. तोवर थांबायचा त्यांना धीर नव्हता.

पासपोर्ट अधिकारी मुळीकबाईंनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

“सर, ‘या सावलीत पूर्वी बसला आहात काय?’ इथं हो किंवा नाही एवढंच लिहायचं. तुम्ही चार पानांची पुरवणी जोडलीय.”

“बसलो होतो असं वाटतं,” त्र्यंबकराव म्हणाले. “पण मी सावलीत होतो, की नुसता उन्हात नव्हतो? आभाळ आलेलं असेल तर? खोटं विधान नको हो.”

“मग मला अर्ज नामंजूर करावा लागेल.”

“तेही बरोबरच आहे,” ते म्हणाले, पण टेबलापासून हलले नाहीत.

पारापाशी दाढ्या करणाऱ्या दादू काशीदने गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलला.

“अवो बाई, तीस वर्षं दर रविवारी दाढीला हितंच बसत्यात. गालावर जरा ऊन आलं की, ‘दादू, खुर्ची सरकव.’ फेसासकट उठत्यात!”

“असं म्हणता तुम्ही?” मुळीकबाईंनी त्र्यंबकरावांना विचारले.

“म्हणत असेन.”

“‘असेन’ नको. दादूकडं बघून सांगा.”

त्र्यंबकरावांनी दादूकडे पाहिले. दादूने वस्तऱ्यानेच खूण केली, बोला की.

“म्हणतो,” ते म्हणाले.

बाईंनी घाईने शिक्का मारला, कारण टेबलाचा एक कोपरा परदेशात चालला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पलूसला पिंपळाच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला. पिंपळाची सावली सारखी हलत असल्याने प्रवेशाचा शिक्का पाच वेळा मारावा लागला.

“वाळलास रे,” अक्का म्हणाली.

“तूही.”

“मी वाळायचीच. तू का? बस.”

ती चटईवर सरकली. त्र्यंबकराव शेजारी टेकले. बसल्या बसल्या वरून एक पान गळाले. अधिकाऱ्याने वहीत देशाचा विस्तार पानाएवढा कमी केला आणि अक्काने बाहेर राहिलेला डाव्या पायाचा अंगठा आत ओढून घेतला.