इंगोले सर आणि खोटं शून्य

मी लिहायला बसणं हा तसा आगाऊपणाच आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. गावी, तिवशाला, आईला अजून वाटतं, मी कॉम्प्युटर दुरुस्त करायला शिकतो. पण इंगोले सरांबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. चुकलं तर माफ करावं.

इंगोले सर आम्हाला अमरावतीत सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतात आणि त्यांचं शून्याशी वैर आहे. खऱ्या शून्याशी नाही, खोट्या. सीमध्ये मजकुरातून दशांश संख्या काढायला ए-टू-एफ नावाचं फंक्शन असतं. त्याला ‘0’ दिलं तरी ते शून्य सांगतं, ‘वांगं’ दिलं तरी शून्यच. सर म्हणतात, “हे फंक्शन नोय, नवा जावई आहे. समजलं नाही तरी मान हालवते.”

त्यांचं प्रेम त्याच कामाच्या दुसऱ्या फंक्शनवर, स्ट्र-टू-डीवर. ते जिथपर्यंत वाचता आलं, तिथं बोट ठेवून थांबतं. सरही तसेच. एकदा डॉक्टर म्हणाले, ताप शंभर, थोडा वर. सर ‘थोडा’वर जे अडले, ते बाहेरचे पेशंट दार वाजवायला लागेपर्यंत. चहावाल्याला कोणी दोन-तीन कट सांगितले, तर सर दोनच येऊ देतात. पुढचं वाचता येत नाही म्हणतात. तिसरा बहुतेक मी असतो.

प्रॅक्टिकलला मी चुकून मराठी कीबोर्डवर ‘२.५’ टाइप केलं. सीला मराठी आकडे कळत नाहीत, उत्तर शून्य. वाटलं, आता शिव्या. सरांनी ‘हे पाहा अस्सल खोटं शून्य’ म्हणत सगळ्या वर्गाला रांगेनं माझ्या स्क्रीनचं दर्शन घ्यायला लावलं.

सरांच्या मुलीनं, पल्लवीताईनं, स्वतःच्या मनानं लग्न केलं. सर गेले नाहीत. ती परतवाड्याला असते, एसटीनं जेमतेम दोन तास, पण बोलणं बंद. तिचे दिवस भरत आल्याचं त्यांना कुणाकडून तरी कळलं. तेव्हापासून शिकवतानाही फोन टेबलावर उताणा असायचा.

एकदा प्रॅक्टिकल संपल्यावर आम्ही दोघंच होतो.

“मेसेज टाकला होता रे,” सर म्हणाले. “काहीच नाही आलं. आता हे शून्य खरं का खोटं? तिले बोलायचंच नाही, का तिनं वाचलंच नाही?”

मी चाचरत म्हणालो, “सर, स्ट्र-टू-डी सुरुवातीच्या रिकाम्या जागा सोडून देते ना. कितीबी असल्या तरी. आकडा त्याच्यामांगून येते. तुमीच शिकवलं.”

सरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. “परीक्षेत असं लिहीत जाय,” ते म्हणाले.

त्यानंतरच्या आठवड्यात, पॉइंटर शिकवता शिकवता, फोन थरथरला. सरांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग खडू खाली ठेवून फोन माझ्या हातात दिला.

“तू वाच बे. मले नीट दिसून नाही रायलं.”

मी वर्गासमोर वाचलं, “बाबा, पोरगी झाली. पावणेतीन किलो. दोघी बऱ्या आहोत. कवा येता?”