कृपया बेल वाजवावी

नव्या घरात सामान आलं त्या दिवशी मी एकच शहाणपणाचं काम केलं. दाराला बेल बसवली. पुढे जे काही झालं ते सगळं त्या शहाणपणातून झालं. मूर्खपणा निस्तरता येतो, कारण तो निदान आपल्याला मान्य तरी असतो. शहाणपणाचं तसं नसतं.

बेलच का, असं तुम्ही विचाराल. (बायकोने विचारलंच होतं.) जुन्या घरी एकोणीस वर्षं लोकांनी आमच्या दाराची कडी वाजवली. वाजवली म्हणजे बडवली. दूधवाल्याने बडवली, पेपरवाल्याने बडवली, आणि वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी तर आपलं समजून आमचं दार रोज संध्याकाळी बडवलं. रविवारी दुपारी जरा डोळा लागला की कडी. तेव्हाच मी ठरवलं होतं की स्वतःचं घर होईल तेव्हा त्याच्या दाराला कडी नावापुरती असेल.

तर बेल आणली. दुकानदाराने आपल्या बोर्डावर लावून ती आठ वेळा वाजवून दाखवली. ती मी स्वतः, शिडीवर चढून, एक बोट ठेचून घेऊन बसवली. खाली जाड पुठ्ठ्यावर सूचना लिहून चिकटवली: 'कृपया बेल वाजवावी. कडी वाजवू नये. आज्ञेवरून.' आज्ञा कोणाची, असं बायकोने विचारलं. मी म्हटलं, घरमालकाची. ती म्हणाली, घर दोघांच्या नावावर आहे आणि मी अशी काही आज्ञा केलेली नाही. हा मुद्दा मी त्या वेळी हसण्यावारी नेला.

बायकोचं म्हणणं होतं की आधी विजेचं बघा. आधीच्या मालकाने जाताना आपली जोडणी रीतसर बंद केली होती आणि वीजखात्याची माणसं मीटर काढून घेऊन गेली होती. मीटर होता त्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन आणि दोन वायरी. घर पहिल्या मजल्यावर, गल्लीतून स्वतंत्र जिना आणि त्या जिन्याच्या तळाशी आमचं दार. वर पाणी चढवायला पंप, तोही विजेवर. म्हणजे वीज येईपर्यंत पाणीही मीच चढवायचं होतं, बादल्यांनी, चोवीस पायऱ्या.

पण खरी निकड वेगळीच होती. बायको शाळांचे गणवेश शिवते. शाळा उघडायला सतरा दिवस होते आणि नव्वद गणवेश कापून ठेवलेले होते. तिची शिलाई मशीन मोटरची. पायाने चालवायची एक जुनी होती, ती नव्या घरात शोभणार नाही म्हणून मागच्याच महिन्यात मी काढून टाकायला लावली होती. (हेही शहाणपणच.) या शाळेचं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. वेळेत दिलं तर दर वर्षी मिळणार होतं, नाही दिलं तर तिला पुन्हा कोणी विचारणार नव्हतं. हे तिने मला तीनदा सांगितलं. मी तीनदा 'हो' म्हटलं.

शेजारच्या कंत्राटदारांनी पहिल्याच दिवशी एक वायरमन सुचवला. त्याची खात्यात उठबस आहे, दोन दिवसांत मीटर लागेल, म्हणाले. मी त्यांना नम्रपणे सांगितलं की मी स्वतः सव्वीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक विभाग सांभाळतो. कागद कसा चालतो ते मला माहीत आहे. माझ्या अर्जाला कोणी हात धरून न्यायची गरज नाही. कंत्राटदारांनी माझ्या बायकोकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून आठवते.

अर्ज मी दोन तास लिहिला. वर विषय, खाली संदर्भ, मजकूर पाच परिच्छेद, सहपत्रे सात. अर्जदार म्हणून एकट्याचं नाव घातलं, कारण दोन अर्जदार असले की पत्रव्यवहारात घोळ होतो हे मी रोज पाहतो. वीज कचेरीतल्या खिडकीवरच्या बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, यातलं नेमकं काय हवंय? मी म्हटलं, वीज. त्या म्हणाल्या, मग तीन दिवसांत आमचे तपासनीस जागा बघायला येतील, घरात कोणीतरी असू द्या.

बायकोने त्याच संध्याकाळी मशीन उचलली आणि बहिणीकडे गेली. बसने तासाभराची वाट. तिथे मशीन ठेवायला जेवणाचं टेबल होतं आणि ते दिवसातून तीनदा रिकामं करून द्यावं लागणार होतं. जाताना म्हणाली, "वीज आली की फोन करा. नाही आली तर मात्र..." तिने वाक्य पुरं केलं नाही. एकोणीस वर्षांत तिने अर्धवट सोडलेली वाक्यं मी कधी पुरी करून पाहिली नाहीत, माझ्या दृष्टीने ती तिथेच संपत असत.

मी तीन दिवस रजा टाकली आणि वरच्या खोलीत बसून राहिलो. सकाळी बादल्या, मग बसणं. दुसऱ्या दिवशी दुपारी फोनची बॅटरी संपली. शेजारी जाऊन फोन चार्ज करावा तर तेवढ्यात तपासनीस येऊन जायचे, म्हणून गेलो नाही. उकाड्याने जीव नकोसा झाला, तरी कान बेलकडे लावून बसलो. तिसऱ्या दिवशी दिवस मावळेपर्यंत कोणीही आलं नाही. खात्याला मी मोठ्याने, एकट्यानेच, वाट्टेल ते बोललो.

चौथ्या दिवशी खिडकीवर गेलो. बाईंनी फाइल काढून अहवाल वाचून दाखवला: 'जागेवर समक्ष गेलो. बेल वाजवली. प्रतिसाद नाही. फोन केला, बंद. दारावरील सूचनेचा मान राखून कडी वाजवली नाही. घर बंद. अर्जदार सदर जागेत राहत नाही.' मी म्हटलं, हे धादांत खोटं आहे, मी तीन दिवस घरातून हललो नाही. बाई म्हणाल्या, आमचे तपासनीस खोटं लिहीत नाहीत, ते तर जरा जास्तच खरं लिहितात. मग त्यांनी दुसऱ्या भेटीची तारीख दिली आणि वर बजावलं की दुसऱ्यांदाही घर बंद आढळलं तर अर्ज निकाली निघतो, आणि त्याच अर्जदाराला पुन्हा अर्ज करायला तीन महिने थांबावं लागतं. (नियम उत्तम होता. आमच्या विभागात असता तर मी त्याची अंमलबजावणी हौसेने केली असती.)

ठरलेल्या तारखेला मी खुर्ची थेट जिन्याच्या तोंडाशी ठेवली. अंघोळ केली नाही. पाणी प्यायलो नाही, कारण पाणी प्यायलं की पुढचं आलं. बारा वाजले, एक वाजला. बेल वाजली नाही. दोनच्या सुमाराला मात्र खाली कोणीतरी दोन्ही हातांनी कडी बडवायला लागलं. सगळं एकोणीस वर्षांचं माझ्या डोक्यात गेलं. मी चोवीस पायऱ्या धाडधाड उतरलो आणि दार उघडता उघडताच ओरडलो, "कडी वाजवू नये म्हणून लिहिलंय ना? वाचता येत नाही का?"

दारात बायको उभी होती. मापांची वही घ्यायला आली होती.

"येतं," ती म्हणाली. "दहा मिनिटं तेच वाचत उभी आहे."

तिच्या हातात एक चिठ्ठी होती, दाराच्या फटीत खोचलेली सापडली म्हणाली. 'दुसरी भेट. वेळ बारा वाजून दहा मिनिटे. बेल वाजवली. घर बंद.'

मी तपासनीसांच्या नावाने बोलायला सुरुवात केली. तिने मला पुरं बोलू दिलं. मग बेलचं बटण दाबलं. आम्ही दोघांनी ऐकलं. गल्लीत कुठेतरी कोणी भांडी घासत होतं, तेवढं ऐकू आलं.

"ही कशावर चालते हो?" तिने विचारलं.

उत्तर येत होतं. आयुष्यात मला इतकी लाज दोनदाच वाटली आहे, आणि पहिली वेळ कोणती ते आता आठवतही नाही.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती वर गेली, बंद पंख्याखाली नव्वद गणवेशांचा राहिलेला ढीग होता त्याच्याकडे पाहत बसली. नव्वदांपैकी एकतीसच शिवून झाले होते. "टेबल सारखं आवरावं लागतं," एवढंच म्हणाली आणि डोळे पुसले. मग उठून खाली गेली, माझी सूचना नखांनी खरवडून काढली, घराची कागदपत्रं पिशवीत घातली आणि एकटी वीज कचेरीत गेली. मी येऊ का म्हटलं, तर नको म्हणाली.

तिचा अर्ज दोन ओळींचा होता. घर माझ्याही नावावर आहे, वीज द्यावी. बाईंनी दुसऱ्याच दिवसाची तारीख दिली.

दुसऱ्या दिवशी बायकोने दार सताड उघडं ठेवलं आणि त्यात खुर्ची टाकून बटणं लावत बसली. अकराला तपासनीस आले. सडपातळ, चष्मेवाले, पायांत पॉलिश केलेले बूट. मी त्यांना गाठलं. म्हटलं, घरात वीज नाही हे ठाऊक असताना तुम्ही विजेची बेल कशी काय वाजवलीत? ते शांतपणे म्हणाले, बेल चालू आहे की बंद हा घराच्या आतल्या वायरिंगचा भाग झाला, आणि तो तपासायला घर उघडं लागतं. आमच्या कचेरीत असते तर मी त्यांना डोक्यावर घेतलं असतं.

त्यांनी भिंतीवरचा चौकोन पाहिला, वायरी ओढून पाहिल्या, भराभर खुणा केल्या. 'जागेत राहणाऱ्या व्यक्ती' या रकान्यात बायकोचं नाव लिहिलं आणि पेन थांबवलं.

"एक अडचण आहे," ते बायकोला म्हणाले. "यांचं नाव घातलं तर माझे आधीचे दोन्ही अहवाल चुकीचे ठरतात. मग फाइल चौकशीला जाणार. महिना कुठे गेला नाही."

"आणि नाही घातलं तर?"

"तर उद्या मीटर."

बायकोने बटणात ओवलेली सुई तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. फार नाही, एक टाका घालायला लागतो तेवढाच वेळ. मला वाटलं, निदान थोडी घासाघीस करेल.

"नका घालू," ती म्हणाली.

तपासनीसांना हायसं वाटलं. पण माणूस काटेकोर. म्हणाले, हे गृहस्थ मी डोळ्यांनी पाहिले आहेत, तेव्हा ते इथे राहत नाहीत असं त्यांच्याकडून लेखी लागेल. बायकोने बटणं बाजूला ठेवली आणि मला वहीतला एक कोरा कागद फाडून दिला.

आता सवय ही वाईट गोष्ट आहे. पेन हातात आलं आणि सव्वीस वर्षांचा हात आपोआप चालू लागला. 'मी खाली सही करणार या पत्राद्वारे लिहून देतो की, सदर घरात माझे वास्तव्य नाही, यापूर्वीही नव्हते. घरातील वीज, पाणी व अन्य व्यवस्थेशी माझा कोणताही संबंध नाही. त्यांत मी आजवर लक्ष घातलेले नाही व यापुढे घालणार नाही. घराचा संपूर्ण कारभार माझी पत्नी एकटीच पाहते.' एकही खाडाखोड नाही. वाचून पाहिलं आणि माझ्याच अंगावर काटा आला, कारण कुठलंही वाक्य बदलावंसं वाटेना.

तपासनीस म्हणाले, मसुदा सुंदर आहे. बायकोने सावकाश दोनदा वाचला. माझ्या हातचा कागद तिने दोनदा वाचल्याचं मला आठवत नाही.

"खरंच छान लिहिलंय," ती म्हणाली. "कुठेही खोटं वाटत नाही." आणि कोपऱ्यावर जाऊन झेरॉक्स काढून आली.

दुसऱ्या दिवशी मीटर लागला. मशीन बहिणीकडून परत आली. पुढचे आठ दिवस ती घरभर धडधडत होती आणि मी काजं कापत होतो, तीही वाकडी. गणवेश शाळा उघडायच्या आदल्या दिवशी पोचले, नव्वदच्या नव्वद. मुख्याध्यापिकाबाईंनी पुढच्या वर्षीचं काम तिथल्या तिथे कबूल केलं. बायको इतकी हसतमुख घरी आली की मला धीर आला. म्हटलं, चला, सगळं झालं, आता ती झेरॉक्स फाडून टाकू या.

तिने ती घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये, खरेदीखताच्या खाली, प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवली होती. फाइल कपाटात ठेवत ती म्हणाली, "राहू द्या हो. कधी लागेल, सांगता येत नाही."