कृष्णातच्या दोन बायका

आपल्याला दोन बायका आहेत हे कृष्णातला कळलं ते ब्याऐंशी सालच्या मार्च महिन्यात, बेळगावच्या एका सरकारी कचेरीत, तीन नंबरच्या खिडकीपाशी. तोवर तो बिचारा एकीच्याच भरवशावर संसार करत होता.

ती एक शेजारीच उभी होती. नाव हेल्गा, पश्चिम जर्मनीची. कृष्णात ओतकामाचं शिक्षण घ्यायला दोन वर्षं तिकडे गेला, तेव्हा ती त्याच कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायची. तिथल्या नगरपालिकेत दोघांनी सह्या करून लग्न केलं आणि इकडे आले. कृष्णातला बेळगावात नोकरी मिळाली, खासबागेत खोली मिळाली. हेल्गा मात्र आठ दिवसांसाठी म्हणून निपाणीला सासूकडे गेली ती तिथलीच झाली. खासबागेतल्या खोलीत बोलायला भिंती होत्या, निपाणीत तानुबाई होती. कृष्णात दर शनिवारी निपाणीची बस धरायचा.

हेल्गाचा राहण्याचा परवाना दरवर्षी वाढवून घ्यावा लागे. मुदत संपायला नऊ दिवस होते. वाढला तर राहायचं, न वाढला तर देश सोडायचा. मामला एवढा सरळ होता.

खिडकीमागे चिंतामणी हेडक्लार्क बसत. जिल्ह्यातल्या परदेशी माणसांच्या फायली त्यांच्या ताब्यात. एकूण अकरा. त्यातल्या दहा फायली मिशनमधल्या म्हाताऱ्या पाद्र्यांच्या आणि नर्सबाईंच्या, ज्यांच्यात वर्षानुवर्षं काहीही घडत नसे. हेल्गाची फाईल त्यांची सर्वांत तरुण फाईल. चिंतामणी पैसे खात नसत, कुणाला मुद्दाम अडवत नसत, सुपारीसुद्धा स्वतःच्या डबीतली खात. त्यांच्यात एकच खोड होती. त्यांना कुतूहल होतं.

"राहण्याचा पुरावा?" त्यांनी विचारलं.

कृष्णातने निपाणीचं रेशनकार्ड पुढे सरकवलं. चिंतामणींनी बोट ठेवून वाचलं, "कुटुंबप्रमुख तानुबाई. मुलगा कृष्णात. सून हेल्गा." बोट एक ओळ खाली आलं आणि थांबलं. "सून लक्ष्मी." त्यांनी चष्मा नाकावर ओढला. "तुम्हाला भाऊ किती?"

"एकबी न्हाय. मी एकटाच."

"मग ही लक्ष्मी कुणाची?"

कृष्णात कार्ड परत ओढायला गेला. हेल्गा मात्र सरळ मनाची. ती म्हणाली, "लक्ष्मी मीच हाय की वो, सायेब."

आसपासच्या चार टेबलांवरची कामं थांबली. हेल्गाला मराठी शिकवली होती तानुबाईनं, चुलीपुढं बसवून, आणि तानुबाईला जी येत होती तीच शिकवली होती.

आता झालं होतं ते असं. सून घरात आली तेव्हा तानुबाईनं नगरपालिकेचा जर्मन कागद उलटासुलटा करून पाहिला होता. तिला वाचता येत नव्हतं, पण त्यावर हळदीचा एक डाग नाही हे दिसत होतं. "सह्या करून म्हस घेत्यात रं," ती म्हणाली, "बायकू न्हाय." मग निपाणीत रीतसर लग्न निघालं. लग्नाला मुलीचे आईबाप लागतात. गल्लीत समोर राहणारे परशराम अण्णा आणि शालूबाई यांना मूलबाळ नव्हतं. ते पुढे झाले, नवी धोतरजोडी आणि इरकल लुगडं नेसून पाटावर बसले आणि त्यांनी कन्यादान केलं. सासरी आल्यावर कृष्णातने ताटातल्या तांदळावर अंगठीनं सुनेचं नवं नाव काढलं, लक्ष्मी. रीत ती रीत.

मग तानुबाई रेशनच्या माणसाकडे गेली आणि म्हणाली, "सुनंचं नाव बदललंय, लिवून घ्या." त्यानं नवं नाव लिहून घेतलं. जुनं खोडायला तिनं सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानं खोडलं नाही. त्या महिन्यापासून घरात साखर जास्त येऊ लागली. लग्न लागलेल्या घराला सरकार गोडाधोडासाठी जास्त देत असेल, अशी तानुबाईनं आपली समजूत करून घेतली. त्या साखरेचे हेल्गा केक करायची आणि गल्ली त्याला गोड ढोकळा म्हणायची.

हे सगळं खिडकीत सांगून पटावं म्हणून कृष्णातने पिशवीतून लग्नपत्रिका काढली. काढायला नको होती.

"चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी लक्ष्मी," चिंतामणींनी मोठ्यानं वाचलं, "श्री. परशराम व सौ. शालूबाई यांची कन्या, राहणार निपाणी." मग त्यांनी हेल्गाचा पासपोर्ट उघडला. "हिच्या वडिलांचं नाव ओटो. तिच्या वडिलांचं परशराम. हिच्याशी लग्न ऐंशी साली. तिच्याशी एक्याऐंशी साली. म्हणजे पहिली जिवंत असताना दुसरी."

"सायेब, दोन्ही एकच हायेत."

"एका मुलीला दोन बाप?"

"एक जल्माचा नि एक कन्यादानाचा," हेल्गा म्हणाली.

चिंतामणींनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. एकोणीस वर्षांच्या नोकरीत इतकं मनोरंजक काही त्यांच्या टेबलावर आलं नव्हतं. "बाई, माझा तुमच्यावर विश्वास आहे," ते म्हणाले. "पण मी इथं विश्वास ठेवायला बसलेलो नाही. कागदावर दोघी आहेत. चौकशी होईल. तोवर परवाना थांबला."

चौकशीला हवालदार सत्याप्पा निपाणीला निघाला. त्याच्या आधी पहिल्या बसनं कृष्णात पोचला आणि परशराम अण्णांच्या ओसरीवर जाऊन बसला.

"अण्णा, एकच करा. हवालदार येईल. त्यास्नी सांगा, लक्ष्मी माजी पोरगी न्हाय."

परशराम तंबाखू मळत होते. मळायचे थांबले. "आणि कुणाची हाय?"

"तशी तुमचीच. पण कागदासाठी."

"कृष्णात, हातावर पाणी सोडलंय म्या. अग्नी हुता म्होरं, भटजी हुता. आता खाकी कापडातला एक मानूस आला म्हणून पोरगी न्हाय म्हणू?"

"तिला देश सोडाया लागंल, अण्णा."

परशराम आत बघून म्हणाले, "शालू, आयकतीस काय गं? जावई म्हणतोय, लेक न्हाय म्हणा."

आतून शालूबाईचं भांडं जोरात आपटलं. तेच उत्तर.

हवालदार आला. त्याला चहा मिळाला, गोड ढोकळा मिळाला आणि हवी ती सगळी माहिती मिळाली. लक्ष्मी कुणाची? माजी. दिली कुठं? हितं समोर. नांदती का? सोन्यासारखी. दिवाळीला माहेरी येते का? येती तर, रस्ता वलांडून. सत्याप्पानं मनापासून लिहून घेतलं आणि खाली बापाची सही घेतली. जाताना तो कृष्णातला बाजूला घेऊन म्हणाला, "पावणं, दोन बायका नि दोघींचं एवढं चांगलं जमतंय. काय करतासा तेवढं सांगा की. माजं एकीसंगं जमंना."

मुदतीला तीन दिवस उरले तेव्हा तानुबाई स्वतः निघाली. बसमध्ये सासू खिडकीशी, मध्ये सून, कडेला कृष्णात. संकेश्वर मागे पडलं. तानुबाई बाहेरच बघत म्हणाली, "तुज्या आईला कळिवलंस?"

"काय कळवू?"

"येती म्हणून. जावं लागलं तर."

"मी न्हाय जाणार, आत्ती."

"तू न्हाय जाणार. सरकारवालं घालिवत्यात की." तानुबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "आता कुठं तुजी भाकरी वाटुळी व्हाया लागल्याली."

हेल्गानं तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. वखारीत तंबाखू निवडून निवडून त्या हाताची बोटं कायमची तपकिरी झाली होती. हुक्केरीच्या फाट्यापर्यंत तो हात तिथंच राहिला.

तीन नंबरच्या खिडकीत चिंतामणी वाटच बघत होते. फाईल आता दोरीनं बांधायच्या जाडीची झाली होती.

"रात्रंदिवस विचार करतोय," ते म्हणाले. "एक सोपा मार्ग आहे. लक्ष्मी वारली असा दाखला आणा. मग एकच बायको उरते. दोन दिवसांत परवाना."

तानुबाईनं खिडकीच्या गजांना दोन्ही हातांनी धरलं. "जित्या सुनंला मारू व्हय? आणि बारावं कवा घालायचं, परवा? तिलाच सैपाकाला लावून?"

"मग हेल्गा वारली म्हणावं तर परवाना कुणाला द्यायचा हा प्रश्न येतो," चिंतामणी प्रामाणिकपणे म्हणाले. त्यांनी तीही बाजू तपासून पाहिली होती. "दुसरा मार्ग प्रतिज्ञापत्राचा. आम्ही दोघी एकच आहोत, असं दोघींनी लिहून द्यायचं. खाली दोघींच्या सह्या."

प्रतिज्ञापत्र तयार झालं. खाली दोन रेघा, एकीखाली हेल्गा, एकीखाली लक्ष्मी. हेल्गानं पहिल्या रेघेवर आपली नेहमीची सही केली, नकाशावर करायची तशी, एका झटक्यात, तिरपी. दुसऱ्या रेघेवर तिनं मराठीत लिहिलं. क्ष काढताना जीभ दातांत धरली. ही अक्षरं तिला शालूबाईनं पाटीवर गिरवून शिकवली होती, आणि ती दुसरीतल्या मुलीच्या अक्षरासारखी दिसत होती.

चिंतामणींनी कागद उजेडात धरला. भिंग काढलं. बराच वेळ पाहिलं. मग फार दुःखी झाले.

"जुळत नाही," ते म्हणाले. "ही सही शिकलेल्या बाईची. ही नुकत्याच शिकणारीची. उद्या वरून कुणी विचारलं तर या दोन सह्या म्हणजे दोन बायका असल्याचा पक्का पुरावा. तो आता तुम्हीच मला लिहून दिलात."

कृष्णात बाकड्यावर जाऊन बसला. जर्मनीत त्यानं सोळाशे अंशावरचं लोखंड साच्यात ओतलं होतं. रेशनकार्डावरची एक ओळ काही त्याला खोडता येत नव्हती.

तानुबाईला सह्यांचं काही कळत नव्हतं. तिचं लक्ष टेबलाच्या कोपऱ्यात होतं. तिथं जांभळ्या शाईची चपटी डबी होती. तिच्या उभ्या आयुष्यात कुठल्याही कचेरीत तिची ओळख असलेली वस्तू ती एकच.

"सायेब," ती म्हणाली, "ह्यावर अंगठा चालत न्हाय व्हय?"

"चालतो की. पण ही शिकलेली आहे, आजी."

"म्हणूनच फसली न्हवं? मानूस शिकंल तशी सही बदलती. अंगठ्याला काय शिकिवतासा?"

चिंतामणींचा हात हवेत थांबला. मग त्यांनी अगदी हळू डबीचं झाकण उघडलं.

"हिकडं ये," तानुबाई सुनेला म्हणाली. या एका विद्येत ती सगळ्या कचेरीत वरचढ होती. "दाबू नगं. चपाती लाटल्यागत ह्या कडंनं त्या कडंला न्हे. आता उचल. सरळ उचल, न्हायतर फिसकटतंय."

एक अंगठा हेल्गाखाली उमटला, एक लक्ष्मीखाली. चार टेबलांवरचे लोक उठून आले. चिंतामणींनी भिंग एकावर धरलं, दुसऱ्यावर धरलं, परत पहिल्यावर आणलं. मधोमध भोवरा, डाव्या बाजूला विळीवर कापल्याची आडवी खूण. दोन्हीकडे तोच भोवरा, तीच खूण.

"एकच," ते म्हणाले, आणि इतके खूश झाले की सगळ्यांना आपल्या डबीतली सुपारी वाटली.

परवाना शेवटच्या दिवशी दुपारी हातात पडला. त्याची एक प्रत रेशनच्या कचेरीत गेली आणि कार्डावरची एक सून खोडली गेली. साखर कमी झाली. तानुबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. साखर गेली, सून ऱ्हायली," आणि गल्लीनं गोड ढोकळ्याशिवाय राहायची सवय लावून घेतली.

तीन आठवडे सुखाचे गेले. मग एके दिवशी संध्याकाळी परशराम अण्णा हातात लांब पाकीट घेऊन रस्ता ओलांडून आले. आजवर त्यांना सरकारी पत्र असं कधी आलंच नव्हतं. शनिवारचा कृष्णात घरात होता. त्यानं वाचून दाखवलं.

"आपली कन्या लक्ष्मी ही परदेशी नागरिक असल्याचे अंगठ्यावरून निर्विवाद सिद्ध झाले आहे. सबब, तिचे वडील या नात्याने आपण कोणत्या देशाचे नागरिक आहात, निपाणी येथे केव्हा, कोठून व कोणत्या वाहनाने दाखल झालात, आणि आजवर नोंदणी का केली नाही, याचा खुलासा सोबतच्या अर्जात आठ दिवसांत करावा." खाली चिंतामणींची सही. त्याखाली त्यांनी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली होती, "तब्येत बरी असेलच. बाईंना नमस्कार."

परशराम पायरीवर टेकले. "लोंढ्यासनं आलतो रं मी," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मामासंगं. लाकडाच्या ट्रकातनं. लई बारका हुतो. तवा कुणी काय इचारलंबी न्हाय." मग अर्जाकडे बघत म्हणाले, "मला परत घालिवतील व्हय?"

लोंढा बेळगाव जिल्ह्यातलंच. कृष्णातला हसू आवरेना, म्हणून तो पाणी प्यायला आत गेला.

हेल्गानं हात पुसले, चटई टाकली, अर्ज मांडीवर घेतला आणि पेनचं टोपण काढलं. असले अर्ज तिला आता झोपेतही भरता आले असते. 'कोठून' पुढे तिनं लोंढा लिहिलं. 'वाहन' पुढे लाकडाचा ट्रक लिहिलं. ल आता चांगला जमत होता.

"भिऊ नगासा, आप्पा," वर न बघता ती बापाला म्हणाली. "पैल्या वर्साला लई काय काय इचारत्यात. मग सवं हुती."