गांडुळांची रोजची हजेरी

ज्या कामाची नोंद नाही ते काम झालेलंच नसतं, हे कोणत्याही सुसंस्कृत संस्थेचं पहिलं तत्त्व आहे. म्हणूनच आमच्या शाळेत गांडूळखत करायचं ठरलं तेव्हा आधी रजिस्टर आलं, मग शेण, आणि सवडीने गांडुळं.

कारण गंभीर होतं. शाळेमागची बाग आमच्या शिपाईमावशींनी वीस वर्षं राखलेली. माती मुरमाड झाली, झाडं खुरटली. मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं, "वार्षिक परीक्षेपर्यंत टोमॅटो लागले तर बाग. नाहीतर फरशी घालून गाड्या लावू."

सात जणांची समिती नेमली. (गांडुळं चारशे बारा होती, म्हणजे प्रमाण समाधानकारक होतं.) रोज अकरा वाजता खताच्या पेटीवरचं ओलं पोतं काढायचं, गांडुळं ताटात घ्यायची, मोजायची आणि पट्टीने लांबी घ्यायची. लांबी ताणून घ्यावी की त्यांच्या मर्जीने, यावर दोन बैठका झाल्या.

"अहो सर, त्यांना अंधार लागतो," मावशी म्हणाल्या. "झाकून ठेवा की जरा!"

"मावशी, झाकलं तर ती काम करतात हे कळणार कसं?" अध्यक्षांनी विचारलं.

"टोमॅटोला कळेल."

(मावशी समितीवर नसल्याने हे मत इतिवृत्तात घेता आलं नाही.)

तिसऱ्या आठवड्यात एकतीस गांडुळं उरली. अहवालात 'कर्तव्यभावनेचा अभाव' अशी नोंद झाली.

पळालेली गांडुळं चौथीच्या मुलांनी गोळा केली होती. मावशींनी ती जिन्याखालच्या फुटक्या टबात सोडली. वर पालापाचोळा, भाजीची सालं, थोडं शेण आणि ओलं पोतं. त्यांचा वर्गशिक्षक म्हणून मी मुलांना एवढंच शिकवलं, की पोतं ओलं ठेवा आणि सारखं उचकटू नका. त्यांना ते एका तासात समजलं. दोन महिन्यांनी टबात चहाच्या पावडरीसारखं काळं, भुसभुशीत खत तयार झालं. मावशींनी ते ओंजळीने वाफ्यांत घातलं.

परीक्षेच्या आठवडाभर आधी टोमॅटो लाल झाले. बाग वाचली. मावशी वाफ्याशी बसून पदराने डोळे पुसत होत्या, तेव्हा आत समितीचा सत्कार चालू होता.

रोजच्या तपासणीचं हे यश पाहून पालकसभा भारावली. मुलांची प्रगतीही अशीच रोज काढून, मोजून पाहावी, असा ठराव एकमताने झाला.

ठरावावर पालक म्हणून सही करताना तुम्हीच मला हळूच विचारलंत, "दिवसातून दोनदा नाही का होणार?"