चालून बघायच्या बोलीवर

रामहरीनं हातातला घास पुन्हा ताटात ठेवला आणि आढ्याकडं बघत तो म्हणाला, "सव्वीस सालचं, का तीस सालचं?"

"आवो, आदी पोटात काय घालायचं ते ठरवा," चुलीपुढं भाकरी थापत सारजाबाई म्हणाली. "कालवण गार झालं की."

रामहरी माढ्याच्या बाजूचा खाऊनपिऊन सुखी शेतकरी. बैल पारखावा तर त्यानंच. जनावराच्या तोंडात हात घालून तो त्याचं वय, स्वभाव आणि मालकाची लबाडी एका दमात सांगायचा. आता मात्र त्याला बैल घ्यायचा नव्हता. सोलापुरात मकदूमभाईच्या आवारात मळणीची दोन जुनी यंत्रं विकायला होती, एक सव्वीस सालचं आणि एक तीस सालचं. विहिरीवरच्या इंजिनाला पट्टा लावला की तसलं यंत्र ज्वारी मळून देतं, असं कळल्यापासून त्याची झोप उडाली होती.

झोप सारजाबाईचीही उडाली होती, पण वेगळ्या कारणानं. दरसाल खळं सुरू झालं की महिनाभर तिचा तवा उतरत नसे. बैलांची पात धरणारे, उफणणारे, राशीला हात लावायला येणारे, सगळे तिच्या भाकरीवर. आणि नेमकी त्याच दिवसांत अकलूजच्या पलीकडं तिच्या माहेरची जत्रा. लग्नानंतर तिनं ती जत्रा एकदाही पाहिली नव्हती. यंदा रामहरीनं शब्द दिला होता, "मिशीन आलं की चार दिसांत खळं उरकतं. तुला जत्रंला न्हेतो म्हंजी न्हेतो." म्हणून तर ती सोलापूरपर्यंत त्याच्यासोबत गेली.

मकदूमभाईच्या आवारात रामहरीनं दोन्ही यंत्रांना आधी लांबून प्रदक्षिणा घातली. मग सव्वीस सालच्या यंत्राच्या पाठीवर थाप मारली आणि ते बिचकत नाही याची खात्री करून घेऊन सरळ त्याच्या तोंडात हात घातला.

"नक्को भाऊ, हात नक्को घालू!" मकदूमभाई ओरडला.

"दात बघतोय," रामहरी म्हणाला. आतल्या दातेरी रुळावरून त्यानं बोटं फिरवली. "दात झिजल्यात, पर सगळं जुळलंय. कामात मुरलेलं जनावर हाय. आन् हे तीस सालचं बघा, अजून आदत, दुधाच्या दातांचं. अंगात मस्ती असणार. बुजलं म्हंजी?"

"लोखंड हाय ते. बुजतंय कशाला?"

"मग ह्याच्या कपाळावर भोवरा कशाचा?"

"गंज हाय भाऊ तो."

"बैलाचा मालक बी असंच कायतरी सांगतो," रामहरी म्हणाला. तरी तीस सालच्या यंत्राची तुकतुकीत अंगकाठी त्याच्या डोळ्यांत भरली होतीच. दुपार कलली तरी निकाल लागेना. शेवटी त्यानं बैलबाजारातला हुकमी एक्का काढला. "चालून बघायच्या बोलीवर देता का? दावणीला बांधतो, औताला जुपतो. पसंत पडलं ते ठेवतो."

मकदूमभाईचा घसा बसला होता. "दोनी न्या," तो म्हणाला. "माज्या लारीतनं पोचवतो. पन बाबा, आता घरी जा."

लॉरीनं यंत्रं आणून टाकली आणि गावाला जत्रा आपल्याच खळ्यात भरल्यासारखं झालं. पहिल्या दिवशी सव्वीस सालचं धडधडलं. ज्वारी मोत्यासारखी पडली, पण पट्टा सारखा निसटे. दुसऱ्या दिवशी तीस सालचं लावलं. त्याचा पट्टा काही निसटला नाही, पण ते दर मुठीत चार दाणे फोडी. गावात सरळ दोन तट पडले. रामहरी सव्वीसचा, तर त्याचा चुलतभाऊ मानसिंग तीसचा.

"दादा, म्हाताऱ्याला खांदा न्हाय ऱ्हायला," मानसिंग म्हणे.

"आन् तुज्या पोराला अजून शिस्त न्हाय," रामहरी म्हणे.

चार दिवसांत रामहरीची ज्वारी खरंच मळून झाली. सारजाबाईनं आनंदानं पेटीतलं इरकली लुगडं काढून उन्हात टाकलं. तेवढ्यात खळ्यावरून निरोप आला, अजून वीस भाकरी लागतील.

"आता कुणाला?" तिनं विचारलं.

"एका रानावर कुटं बैल कळतो व्हय?" रामहरी म्हणाला. "मानसिंगची ज्वारी काळ्या रानातली हाय. तिच्यावर चालवून बघायला नगो?"

मानसिंगची झाली, मग त्याच्या शेजाऱ्याची बरड रानातली आली. यंत्राचं नाव ऐकून पार माळशिरसाकडचे पाहुणे गाड्या जुंपून आले. यंत्र बघायला आलेला माणूस उपाशी कसा धाडायचा? बैलांच्या मळणीत निदान अर्धे कामकरी कडबा खात. हे यंत्र काहीच खात नव्हतं, पण त्याला बघणारे भाकरीला फार भक्कम होते. सारजाबाईच्या नाकी नऊ आले. मनगटं सुजली. उन्हात टाकलेलं लुगडं तिनं घडी करून पुन्हा पेटीत ठेवलं, तेव्हा तिला रडूच आलं.

बघता बघता गावातली सगळी ज्वारी मळून झाली आणि निकाल काही लागला नाही. जत्रेचा दिवस उजाडला. अशात मकदूमभाई लॉरी घेऊन हजर झाला.

"बोला भाऊ, कुठलं ठेवायचं?"

रामहरीनं सव्वीसकडं बघितलं, तीसकडं बघितलं. दोन्ही तट काठ्या सरसावून उभे होते. सव्वीस म्हणावं तर भावकी रुसते, तीस म्हणावं तर आपलीच पारख खोटी ठरते. त्यानं घसा खाकरला. "रीत मोडून चालायचं न्हाय. नवं जनावर दारात आलं की घरची लक्षुमी त्याच्या पायावर पानी घालती, भाकरतुकडा ओवाळती, कुक्कू लावती. ती लावंल ते घरचं. सारजे, आता तूच लाव कुक्कू."

आपलं अंग झटकून मोकळं व्हायची ही युक्ती त्याला फार आवडली.

सारजाबाई आत गेली. लोक ताटकळले. मानसिंगनं दारातूनच हाक दिली, "वैनी, तीसला इसरू नगा!" ती बाहेर आली ती इरकली लुगडं नेसून. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात ताट, ताटात कुंकू आणि भाकरीचा तुकडा.

ती सव्वीस सालच्या यंत्रापाशी आली. रामहरीची मिशी थरथरली. ती पुढं गेली. तीस सालच्यापाशी आली, मानसिंगनं श्वास रोखला. ती तिथूनही पुढं गेली. मकदूमभाईच्या लॉरीपाशी थांबली, पुढच्या चाकांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळला आणि लॉरीच्या नाकावर ठसठशीत कुंकू लावलं.

"मला हे पसंत हाय," ती म्हणाली.

रामहरी पांढराफटक पडला. "अगं, लारी कुटं आपल्याला परवडती?"

"भाभी, लारी विकायची नई," मकदूमभाईही घाबरून म्हणाला.

"इकत कोण घेतंय?" सारजाबाई ताट मानसिंगच्या हातात देत म्हणाली. "चालून बघायच्या बोलीवर न्हेतीया. अकलूजच्या पल्याड, माज्या माह्यारापतूर. जत्रा हुईस्तवर."

मकदूमभाई असा हसला की त्याची टोपी मागं पडली. "बसा भाभी! जत्रेत चार गावं माज्या मिशिनी बघतील."

"आन् मिशीन कुठलं ठेवायचं?" रामहरी केविलवाणा झाला.

"गावात कनीस ऱ्हायलं न्हाय, आन् मिशीन कशाला? पुढल्या सुगीला बघा चालवून. भाकरी काठवटीखाली झाकल्यात."

एक यंत्र लॉरीवर चढलं, दुसरं मागं जोडलं गेलं. सारजाबाई पुढं मकदूमभाईशेजारी ऐसपैस बसली. गावाला वाटलं, वरातच निघाली. आणि धुरळ्यातून मागं धावत रामहरी ओरडत होता, "मकदूमभाई, ही लारी कुठल्या सालची वो?"

जत्रेत असा प्रवेश कुठल्या माहेरवाशिणीनं केला नव्हता. पाळण्यावरची पोरं उतरून लॉरीमागं धावली. रात्रीपर्यंत सारजाबाई पाळण्यात बसली, बांगड्या भरल्या, रेवड्या खाल्ल्या आणि उगाचच मोठ्यानं हसली. माहेरच्या घरी आल्यावर तिचा भाऊ धोंडीराम तिच्या ताटासमोर बसकण मारून बसला.

"आक्के, आमच्या गावात दोन तट पडल्यात. तू तर पंधरा दिस डोळ्यानं बघितलंयस. कुठलं बरं गं? सव्वीस सालचं का तीस सालचं?"

वहिनीनं तव्यावरची भाकरी सारजाबाईच्या ताटात टाकली. टम्म फुगलेली, गरम वाफेची, आणि दुसऱ्या कुणीतरी थापलेली. सारजाबाईनं तिचा पापुद्रा अलगद सोडवला, एक घास तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"वैनी," ती म्हणाली, "अजून एक वाढ."