आपल्याकडचा पाऊस

पनवेलला राहायला आलो त्या जानेवारीत, कडकडीत उन्हात, एक म्हातारे गृहस्थ बाजारात छत्री उघडून मेथीची जुडी निवडत होते. कुणी विचारलं नसताना शहाणपणा करायची मला खोड आहे.

"आजोबा, पाऊस नाहीये," मी म्हटलं.

नापास मुलाकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आपल्याकडे आहे. दोदोमाला."

घरी आलो तर तेच गृहस्थ आमचा जिना चढताना दिसले. वरच्या मजल्यावरचे साने मास्तर. जन्मभर भूगोल शिकवलेले. एकुलती एक मुलगी शुभा लग्न होऊन टांझानियात, दोदोमाला गेली आणि मास्तरांनी पनवेलचं हवामान सोडूनच दिलं. तिकडे डिसेंबर ते एप्रिल पाऊस. तेवढे महिने मास्तर छत्रीशिवाय पायरी उतरत नसत. जून लागला की "आपल्याकडे आता कोरडा ऋतू." मग इथे रस्ता गावच्या गाढी नदीसारखा वाहिला तरी ते छत्रीशिवाय निघत. दूधवाला धोंडू एकदा म्हणाला, "मास्तर, भिजतंय ते तुमचं डोकं हाय, आफ्रिका नाय."

शुभाची आई ती लहान असतानाच गेली होती. "बापानं मुलीला पत्रात विचारायचं तरी काय?" मास्तर म्हणत. "मी हवामान विचारतो." लग्नात आहेर म्हणून त्यांनी तिला पर्जन्यमापक दिला होता. तीही बिचारी वारा, ढग, ऊन तेवढं कळवी. ती पत्रं मास्तर जिन्यात उभे राहून आम्हा नवराबायकोला वाचून दाखवत आणि मधेच प्रश्न विचारत. वाऱ्याची दिशा चुकली म्हणून मला त्यांनी एकदा तीन पायऱ्या खाली उतरवलं होतं. हिला मात्र कधीच काही विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षीच्या जुलैत असंच पत्र आलं. बाहेर मुसळधार.

"'इथे आठ दिवस झोडपतोय,'" मास्तर वाचू लागले. "'कपडे वाळत नाहीत. ओट्यावर मुंग्या निघाल्यात. विहिरीजवळच्या तगरीखाली पाणी साचलंय...'"

"मास्तर, जुलैत दोदोमाला पाऊस कसा?" मी एकदम म्हणालो. तीन वर्षांत पहिल्यांदाच माझं बरोबर आलं होतं. हिनं कोपर मारलं ते मला उशिरा कळलं.

मास्तरांनी पत्राची घडी घातली. "बरोबर," ते म्हणाले. "तगरही नाही तिकडे. ती आपल्या घरामागे आहे. पोरगी इथला पाऊस लिहितेय."

मग घडी उघडून त्यांनी तीच ओळ पुन्हा वाचली.

"जावई तसा वाईट नाही हो. माझंच चुकलं. कशी आहेस, असं कधी विचारलंच नाही. मुलीला घरी ये म्हणून कसं लिहितात? तुम्ही तर ऑफिसात पत्रंच लिहिता."

मी कागद घेऊन बसलो. 'विनंती विशेष'च्या पुढे काही सरकेना. शेवटी वर गेलो तर मास्तरांनी स्वतःच लिहून पाकीट चिकटवलेलं. काय लिहिलं, मी विचारलं नाही.

थोड्या वेळानं खिडकीतून पाहिलं, तर मास्तर पोस्टाकडे निघालेले. भर जुलैत, डोक्यावर छत्री.

"बघ," मी हिला म्हटलं, "मास्तर शेवटी पनवेलला आले."

ही माझ्या मागे येऊन उभी राहिली. मास्तरांचा एक खांदा पार भिजला होता.

"स्वतःसाठी नाही धरलेली," ती म्हणाली. "पत्र भिजू नये म्हणून."